मीठ कोणाच्या परवानगीने खाली बसते? पनवेलची मिठागरे, शाळेतला अवक्षेप आणि मिठाचा कायदा

🧵 १/
दहावीच्या विज्ञानात एक प्रयोग हमखास असतो. एका परीक्षानळीत मिठाचे पाणी, दुसरीत सिल्व्हर नायट्रेटचे द्रावण. दोन्ही पाण्यासारखी स्वच्छ. एक दुसऱ्यात ओतले की क्षणात दह्यासारखा पांढरा गोळा तयार होतो आणि हळूहळू तळाशी बसतो. तो गोळा म्हणजे सिल्व्हर क्लोराइड. फळ्यावर या क्रियेचे समीकरण लिहिताना त्याच्यापुढे खाली वळलेला बाण काढतात आणि शेजारी एक शब्द लिहितात : अवक्षेप.

या शब्दाला पनवेल, पेण, उरणच्या खाडीकाठी मोठा इतिहास आहे. तो कराचा आहे, कायद्याचा आहे आणि तुरुंगाचाही आहे.

२/
आधी शब्द समजून घेऊ. पाणी कोणताही पदार्थ अमर्याद विरघळवू शकत नाही. प्रत्येक पदार्थाची एक मर्यादा असते. ती ओलांडली की जास्तीचा भाग घनरूपाने बाहेर पडतो. घरात याला आपण 'साका बसला' म्हणतो.

मर्यादा दोन मार्गांनी ओलांडता येते. दोन द्रावणे मिसळून जवळपास न विरघळणारा नवा पदार्थ तयार करणे, हा पहिला मार्ग. शाळेतला प्रयोग हाच. दुसरा मार्ग म्हणजे पाणीच कमी करत जाणे. त्याला पुस्तकात स्फटिकीभवन हे वेगळे नाव आहे. मात्र विरघळलेले ते घन होऊन खाली बसणे, हा गाभा दोन्हीकडे एकच. पहिल्याला दोन सेकंद पुरतात. दुसऱ्याला कोकणातला अख्खा उन्हाळा लागतो.

३/
पनवेल गाढी नदीच्या आणि खाडीच्या संगतीने वाढलेले गाव. पश्चिमेला खाडी ठाणे खाडीला आणि मुंबई बंदराच्या पाण्याला मिळते. त्या पाण्याच्या कडेने उरण, दक्षिणेला पेण आणि धरमतरची खाडी. या साऱ्या पट्ट्यात भरतीचे पाणी जमिनीत दूरवर शिरते. अशा खारट, चिखलट जमिनीला खाजण म्हणतात. खाजणाला बांध घातला की दोन गोष्टी साधतात : आत खारे भात पिकवता येते किंवा मीठ. ही दोन्ही कामे पिढ्यान्‌पिढ्या ज्यांनी केली, त्या आगरी समाजाचे नावच 'आगर' या शब्दाशी जोडलेले आहे.

४/
समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यांत एकटे खाण्याचे मीठ नसते. चॅलेंजर या ब्रिटिश जहाजाने १८७२ ते १८७६ या काळात जगभरच्या समुद्रांतून पाण्याचे नमुने गोळा केले. त्यांपैकी ७७ नमुन्यांचे पृथक्करण करून विल्यम डिटमार या रसायनशास्त्रज्ञाने १८८४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. एकूण क्षारांत सोडियम क्लोराइड, म्हणजे आपले मीठ, सुमारे ७८ टक्के. उरलेल्यात मॅग्नेशियमचे क्लोराइड आणि सल्फेट, कॅल्शियमचे सल्फेट, पोटॅशियमचे क्षार आणि थोडा चुना.

म्हणजे हजार लिटर पाण्यात मीठ जेमतेम २७ किलो, आणि तेही इतरांच्या गर्दीत.

५/
मग समुद्राचे पाणी सरळ आटवले तर सगळेच एकत्र खाली बसणार का? नाही. येथेच खरी गंमत आहे.

१८४९ मध्ये उझिग्लिओ या संशोधकाने भूमध्य समुद्राचे पाणी सावकाश आटवून काय, केव्हा बाहेर पडते याची नोंद केली. पाणी निम्म्यावर आले की आधी कॅल्शियम कार्बोनेट आणि थोडा लोहाचा गंज. एक लिटरचे साधारण १९० मिलिलिटर उरले की जिप्सम. सुमारे ९५ मिलिलिटर उरले की मीठ. त्याहून आटवले की मॅग्नेशियमचे कडू क्षार.

ज्याची मर्यादा आधी भरते, तो आधी खाली बसतो. समुद्राच्या पाण्यातून बाहेर पडण्याला असा क्रम आहे.

६/
यातली पहिली पायरी खरोखरीची रासायनिक अभिक्रिया आहे. पाण्यात विरघळलेले कॅल्शियमचे बायकार्बोनेट विघटित होते, कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि न विरघळणारे कार्बोनेट खाली बसते. चहाच्या पातेल्यात किंवा पाणी तापवायच्या बंबात बसणारे पांढरे कीट हेच. पुढच्या पायऱ्यांत नवा पदार्थ बनत नाही. एकेका क्षाराची मर्यादा भरत जाते इतकेच.

७/
आता मिठागराची रचना पाहा. उधाणाच्या भरतीला उघाडीतून खाडीचे पाणी आत घेऊन मोठ्या तळ्यात साठवतात. तेथे गाळ बसतो. मग ते पाणी एकामागून एक अशा उथळ वाफ्यांतून फिरवतात. प्रत्येक वाफ्यात ऊन आणि वारा त्याला आणखी घट्ट करतात. चुना आणि जिप्सम या वाटेवरच्या वाफ्यांतच बसून राहतात. तयार झालेले घट्ट पाणी शेवटच्या वाफ्यात येते आणि मीठ तेथे धरते. मीठ ओढून घेतल्यावर उरलेले कडू पाणी सोडून दिले जाते.

उझिग्लिओने भांड्यात जो क्रम कागदावर उतरवला, तो मिठागराच्या जमिनीवर वाफ्यांच्या रूपाने मांडलेला आहे. प्रत्येक क्षाराला बसायला वेगळी जागा.

८/
हे काम वाटते तितके सोपे नव्हे. शेवटच्या वाफ्याची जमीन पायांनी तुडवून, चोपून इतकी घट्ट करावी लागते की पाणी झिरपणार नाही आणि मीठ ओढताना चिखल वर येणार नाही. पाणी लवकर पुढे सोडले तर मिठात जिप्सम येते. कडू पाणी उशिरा काढले तर मिठात मॅग्नेशियम येते. हंगाम साधारण जानेवारीपासून पावसाच्या तोंडापर्यंतचा. मधेच अवकाळी सर आली तर कित्येक दिवसांची मेहनत पुन्हा पाण्यात विरघळते. काढलेल्या मिठाच्या राशी पावसाआधी गवताने शाकाराव्या लागतात.

पाणी केव्हा पुढे सोडायचे, केव्हा थांबायचे, हा निर्णय म्हणजेच मिठागराची विद्या.

९/
हाच निर्णय आकड्यात मांडण्यासाठी युरोपात उपकरण निघाले. अंत्वान बोमे या फ्रेंच औषधनिर्मात्याने १७६८ मध्ये द्रवाची घनता मोजण्यासाठी तरंगणाऱ्या काचनळीची मोजपट्टी तयार केली. त्या पट्टीवरचा शून्य म्हणजे शुद्ध पाणी आणि १५ चा अंश म्हणजे शेकडा १५ भाग मीठ असलेले पाणी. मोजपट्टीच मिठावरून आखलेली! समुद्राचे पाणी या पट्टीवर साडेतीन अंशांच्या आसपास भरते. मीठ धरू लागते ते २५ अंशांच्या सुमारास. तीस अंशांच्या आत कडू पाणी काढून टाकायचे.

पिढीजात मिठागरी माणूस हेच पाण्याच्या रूपावरून आणि स्पर्शावरून ओळखतो. कडू पाणी बोटांना तेलकट लागते.

१०/
'मॅग्नेशियम आले तर काय बिघडले?' या प्रश्नाचे उत्तर कोकणातल्या प्रत्येक स्वयंपाकघरात आहे. पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटते. शुद्ध सोडियम क्लोराइड सहजासहजी ओले होत नाही. हवेतली ओल शोषून घेतो तो त्यातला मॅग्नेशियम क्लोराइड. कडवटपणाही त्याचाच. क्रम नीट न सांभाळता काढलेले मीठ कडू लागते आणि पाझरते. ही गोष्ट लक्षात ठेवा, १९३० मध्ये ती पुन्हा येणार आहे.

११/
आता इतिहासाकडे. मीठ आणि राज्यसत्ता यांचे नाते इंग्रजांपासून सुरू होत नाही. १६७१ च्या डिसेंबरात शिवाजी महाराजांनी कुडाळच्या सुभेदाराला, नरहरी आनंदराव यांना, मिठाच्या जकातीविषयी पत्र पाठवले. पोर्तुगीजांच्या ताब्यातल्या बारदेशचे मीठ स्वस्त पडते म्हणून घाटावरचे व्यापारी तिकडे वळतील आणि स्वराज्यातल्या संगमेश्वराकडचे मीठ पडून राहील, अशी ती चिंता होती. उपाय काय? बारदेशच्या मिठावर जबर जकात.

या जकातीची दिशा ध्यानात घ्यावी. ती बाहेरच्या मिठावर, वाटेवर, आणि आतल्या मिठागराच्या बचावासाठी होती.

१२/
पनवेल याच वाटेवरचे गाव. देशावरचे धान्य घेऊन वंजाऱ्यांचे तांडे बोरघाटाने खाली उतरायचे आणि परतताना मीठ घेऊन वर चढायचे. देशावर समुद्र नाही आणि मिठावाचून माणसाचेही चालत नाही, गुराचेही. १८३० मध्ये बोरघाटातून गाडीरस्ता झाला तेव्हा मुंबईहून होडीने पनवेलला यायचे आणि तेथून पुण्याची वाट धरायची, हा नित्याचा क्रम बनला. १८६३ मध्ये रेल्वे घाट चढली, पण ती कल्याण-कर्जतमार्गे. पनवेल बंदराचे महत्त्व ओसरू लागले. मिठागरे मात्र राहिली. १८८३ मध्ये पनवेल उरणसह ठाणे जिल्ह्यातून कुलाबा जिल्ह्यात गेले. आजचा रायगड तो हाच.

१३/
१८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि कोकण कंपनी सरकारच्या हाती आले. १८३७ च्या कायद्याने मुंबई इलाख्यात मिठाच्या उत्पादनावरच कर बसला : मणामागे आठ आणे. (त्या काळचा सरकारी मण म्हणजे सुमारे ३७ किलो.)

१८४४ मध्ये हा कर एकदम एक रुपया करण्याचे ठरले. सुरतेत लोक रस्त्यावर उतरले, बाजार बंद पडला. सरकारला माघार घेऊन बारा आण्यांवर यावे लागले. दांडीयात्रेच्या ८६ वर्षे आधी, दांडीपासून फार दूर नसलेल्या शहरात घडलेली ही घटना आहे.

१४/
पुढे आकडा चढतच गेला. १८५९ मध्ये एक रुपया, १८६१ मध्ये सव्वा, १८६५ मध्ये दीड, १८७० च्या दशकाच्या अखेरीस अडीच रुपये. १८८२ मध्ये तो जवळपास साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानात सारखा म्हणजे दोन रुपये झाला. १८८८ मध्ये पुन्हा अडीच. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तो एक रुपयापर्यंत उतरला. १९२३ मध्ये विधिमंडळाचा विरोध डावलून व्हाइसरॉयने तो दुप्पट, म्हणजे अडीच रुपये केला आणि वर्षभरात सव्वा रुपयावर आणला.

उन्हाने आटवलेल्या मिठाचा उत्पादनखर्च मणामागे काही आण्यांच्या घरात होता. ग्राहक जे मोजत होता त्यातला मोठा भाग मिठाचा नव्हता, शिक्क्याचा होता.

१५/
आता मूळ मुद्दा. सरकारपुढे एक विलक्षण अडचण होती. समुद्रावर कर कसा बसवायचा? पाण्यात विरघळलेले मीठ कोणाच्याही मालकीचे नसते. सूर्य आणि वारा फुकट काम करतात. भट्टी नाही, यंत्र नाही, कच्चा माल विकत घ्यावा लागत नाही. मग 'उत्पादन' नेमके कोठे होते?

उत्तर एकच : मीठ पाण्यातून वेगळे होते, त्या क्षणी.

१६/
आणि कायद्याने नेमका तोच क्षण पकडला. १८८२ चा हिंदुस्थानच्या मिठाचा कायदा आणि मुंबई इलाख्याचा १८९० चा स्वतंत्र कायदा यांत 'मीठ तयार करणे' या शब्दांना मुद्दाम व्यापक अर्थ दिला होता. मातीतून किंवा अन्य पदार्थातून मीठ वेगळे करणे म्हणजे उत्पादन. नैसर्गिकरीत्या जमिनीवर फुललेले मीठ खरवडून उचलणे हाही परवानगीवाचून गुन्हा.

म्हणजे भरतीचे पाणी ओंजळीत घेतले तर कोणी विचारणार नाही. तीच ओंजळ उन्हात सुकून हातावर पांढरा थर राहिला, की तो सरकारी महसुलाचा विषय. रसायनाच्या तासाला ज्याला अवक्षेप म्हणतात, त्याच्यावर हा कर होता.

१७/
हे राबवायचे तर पहारा आला. मिठागर चालवायला परवाना. मीठ साठवायचे तर नेमून दिलेल्या जागी. कर भरल्यावाचून एक गोणही बाहेर जाऊ द्यायची नाही. मीठखात्याचे शिपाई, नाकी, वजनकाटे. पनवेल-उरण-पेणच्या किनाऱ्यावर भरतीओहोटीचे वेळापत्रक आणि मीठखात्याचे वेळापत्रक एकमेकांत गुंतले. पाणी केव्हा पुढे सोडायचे हे आगऱ्याला कळत होते, पण खाली बसलेले मीठ उचलण्याचा अधिकार परवान्याशी बांधला गेला.

बंगाल आणि ओरिसात चुलीवर आटवून केलेल्या मिठाचा धंदा याच शतकात विलायतेच्या चेशायरहून येणाऱ्या मिठापुढे मोडून पडला. मुंबईच्या किनाऱ्यावर इंधनाचा खर्चच नव्हता, म्हणून येथली मिठागरे तगली. ती तगली म्हणूनच सरकारला येथून महसूल मिळत राहिला.

१८/
६ एप्रिल १९३०. दांडीच्या किनाऱ्यावर गांधीजींनी मीठमिश्रित चिखल उचलला. त्याआधी सरकारी माणसांनी तेथले नैसर्गिक मीठ चिखलात कालवून नाहीसे करण्याचा प्रयत्न केला होता. बसलेला अवक्षेप पुन्हा ढवळून टाकणे, हा सरकारचा बचाव! एका मुठीत मावणाऱ्या वस्तूला सत्ता का घाबरली, हे वरच्या व्याख्येमुळे उलगडते. ती मूठ म्हणजे परवानगीवाचून झालेले 'उत्पादन' होते.

१९/
महाराष्ट्रात विलेपार्ल्याला जमनालाल बजाज यांच्या पुढाकाराने सत्याग्रहाची छावणी उभी राहिली. मुंबईत चौपाटीवर मीठ तयार झाले. कमलादेवी चट्टोपाध्याय आणि अवंतिकाबाई गोखले यांच्यासारख्या स्त्रिया आघाडीवर होत्या. १२ मे १९३० पासून वेंगुर्ल्याजवळच्या शिरोड्याला मिठागरांवर सत्याग्रह झाला. वडाळ्याच्या मिठागरांवर मे आणि जून महिन्यांत लोकांनी सामुदायिक धाडी घातल्या. लाठ्या पडल्या, तुरुंग भरले.

२०/
शहरांतल्या सत्याग्रहींनी मीठ बहुतेक कसे केले? कढईत समुद्राचे पाणी घेऊन चुलीवर उकळून. येथे पाचव्या आणि दहाव्या भागातले रसायन आठवावे. पाणी एकाच भांड्यात पूर्ण आटवले की क्रम मोडतो. चुना, जिप्सम, मीठ आणि मॅग्नेशियमचे कडू क्षार सगळे एकाच तळाशी बसतात. कढईतले ते मीठ करडे, कडवट आणि लवकर ओलावणारे असणार हे उघड आहे.

स्वयंपाकाच्या दृष्टीने ते वाईट मीठ होते. पण त्याची पुडी बांधून लोक लिलावात चढ्या भावाने विकत घेत होते. कायद्याची व्याख्या मोडण्यासाठी मीठ शुद्ध असण्याची गरज नव्हती, वेगळे झालेले असणे पुरेसे होते. चांगले मीठ करायला आगऱ्याची विद्या लागते. गुन्हा करायला एक कढई पुरत होती, आणि गांधीजींच्या निवडीचे सामर्थ्य त्यातच होते. लाखो अनभिज्ञ माणसांना हा गुन्हा जमू शकत होता.

२१/
मग जून उजाडला. कोकणात पाऊस सुरू झाला की हवा ओलीने भरते, आभाळ झाकोळते, खाडीचे पाणी गोडे होते. उन्हावर मीठ धरणे थांबते. जे मिठागराचे, तेच आंदोलनाचे. पावसाळ्यात मिठाचा सत्याग्रह चालवणे अवघड झाले आणि महाराष्ट्रात काँग्रेसने दुसरा कायदा निवडला : जंगलाचा. गवत आणि लाकूड तोडण्यावरचे निर्बंध मोडायचे. यवतमाळ, बागलाण, संगमनेर, बिळाशी अशा ठिकाणी जंगल सत्याग्रह झाले.

२२/
आणि पनवेलच्या जवळ, उरणच्या बाजूला चिरनेर. २५ सप्टेंबर १९३० रोजी तेथल्या अक्कादेवीच्या माळावर पंचक्रोशीतले आगरी, कातकरी आणि इतर गावकरी जंगल सत्याग्रहासाठी जमले. पोलिसांनी गोळीबार केला. आठ जण हुतात्मा झाले. गावातले स्मारक आजही ते नाव जपते.

चिरनेरची कथा बहुधा जंगलाची म्हणून सांगितली जाते, आणि ती तशी आहेच. तरी तिच्या कालगणनेत मीठही आहे. एप्रिल-मेमध्ये किनाऱ्यावर असलेला लढा सप्टेंबरात डोंगराच्या पायथ्याशी का पोहोचला, याचे एक कारण ऋतुमानात सापडते. पाऊस पडला, अवक्षेप थांबला, सत्याग्रह सरकला.

२३/
५ मार्च १९३१ च्या गांधी-आयर्विन कराराने मिठाचा कायदा रद्द झाला नाही. ज्या गावांच्या आसपास मीठ मिळते, तेथल्या रहिवाशांनी घरच्या वापरासाठी आणि गावातल्या गावात विकण्यासाठी ते गोळा करावे किंवा तयार करावे, एवढी सवलत मिळाली. गावाबाहेर व्यापार नाही. ती ओंजळ मोकळी झाली, गोण नाही.

कर संपला तो १ एप्रिल १९४७ पासून, स्वातंत्र्याच्या साडेचार महिने आधी. १८३७ पासून मोजले तर मुंबई इलाख्यात ११० वर्षे.

२४/
इतिहासाची पुस्तके येथे थांबतात. मिठागरे थांबत नाहीत. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घेण्याचे काम सुरू झाले. त्या जमिनींत भातखाचरे होती, खाजणे होती आणि मिठागरेही. मोबदल्याच्या प्रश्नावर शेतकरी कामगार पक्षाचे नेते दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली लढा उभा राहिला. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी जासई-दास्तान फाट्याच्या परिसरात गोळीबार झाला. पाच जण हुतात्मा झाले. विकसित भूखंडांपैकी साडेबारा टक्के परत देण्याची योजना या संघर्षातून आली.

२५/
२६ मे १९८९ रोजी न्हावा-शेवा येथे जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी पनवेलजवळच्या नव्या विमानतळाचे उद्घाटन झाले. खाडीकाठच्या सखल जमिनीवर भराव पडत गेला. मिठागराला जे हवे असते, म्हणजे सपाट खारी जमीन, मोकळे ऊन आणि भरतीची वाट, तेच नव्या बांधकामालाही हवे असते, भरतीची वाट सोडून.

बाजारही बदलला. १७ मे २००६ पासून आयोडीन नसलेले मीठ थेट खाण्यासाठी विकायला देशभर बंदी आहे. या नियमामागे गलगंडासारख्या रोगांना आळा घालण्याचे सबळ आरोग्यकारण आहे. परिणाम मात्र असा, की मिठागराच्या वाफ्यातला खडा आणि घरातली बरणी यांच्यामध्ये एक कारखाना आला.

२६/
या सगळ्यात हरवण्याजोगी गोष्ट कोणती? मीठ नव्हे. मीठ गुजरातेतून येते, तामिळनाडूतून येते, येत राहील. हरवते आहे ती क्रमाची जाण : कोणते पाणी कोठे थांबवायचे, कोणता क्षार कोणत्या वाफ्यात बसू द्यायचा आणि उरलेले केव्हा सोडून द्यायचे. ही विद्या लिहून ठेवलेली फारशी नाही. ती हंगामागून हंगाम, बांधावर उभे राहून एका पिढीकडून दुसरीकडे गेली. सरकारी दप्तरांत मिठाचे वजन सापडते, कर सापडतो, गुन्हे सापडतात. मीठ धरवणाऱ्याचे ज्ञान सापडत नाही, कारण त्यावर कर नव्हता.

२७/
पनवेल परिसरातल्या शाळांत आज सिल्व्हर नायट्रेटचा प्रयोग करणाऱ्या कित्येक मुलांच्या घरी मिठागरावर राबलेले आजोबा-आजी असतील. त्या मुलांना अवक्षेप हा शब्द पुस्तकातून भेटतो आणि परीक्षेनंतर विसरला जातो. आजोबांना तो शब्द माहीत नसतो, पण पाणी पाहून मीठ उद्या धरेल की परवा, हे सांगता येते. एकाच गोष्टीची ही दोन टोके एका घरात असून एकमेकांना भेटत नाहीत.

ती भेटवणे अवघड नाही. समुद्राचे एक लिटर पाणी, एक उथळ परात, दोन आठवड्यांचे ऊन आणि एक वही. काय केव्हा बसले ते लिहून काढायचे. मग घरातल्या जाणत्या माणसाला विचारायचे, 'तुम्ही यातले कोणते पाणी टाकून देत होतात, आणि का?' उत्तर मिळाले की तेही त्याच वहीत, तारीख घालून लिहून ठेवायचे. मिठागरांच्या इतिहासाला आज त्याच नोंदींची सर्वांत जास्त गरज आहे.

(समाप्त)